निकाल झाला, अंमल कधी?

न्यायालयाने निकाल दिला म्हणजे न्याय मिळाला, अशी आपल्या सुशिक्षित समाजाची एक भाबडी समजूत आहे. ती किती भाबडी आहे हे ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या आकड्यांनी दाखवून दिले. दावा चालला, पुरावा झाला, निकाल लागला, हुकूमनामाही हाती पडला. परंतु त्या हुकूमनाम्याप्रमाणे जागेचा ताबा वा रकमेची वसुली मात्र झाली नाही, अशा प्रलंबित दरखास्तींची देशातील संख्या ८ लाख ८२ हजारांहून अधिक भरली. त्यांपैकी सुमारे ३ लाख ४१ हजार दरखास्ती एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रातील होत्या. म्हणजे अंमलाविना पडून राहिलेल्या दर पाच हुकूमनाम्यांपैकी जवळजवळ दोन आपल्याकडचे! शिवाय ही स्थिती, सहा महिन्यांत दरखास्ती निकालात काढा असा आदेश त्याच न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये दिल्यानंतरची आहे. न्यायालयाने या आकड्यांबद्दल तीव्र निराशा व्यक्त केली. महाराष्ट्राने मात्र त्याबद्दल काही व्यक्त केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

ज्यांच्यावर सुदैवाने कधी कोर्टाची पायरी चढण्याचा प्रसंग आला नाही, त्यांच्यासाठी दरखास्त म्हणजे काय हे सांगितले पाहिजे. दिवाणी दाव्यात वादी जिंकला तरी प्रतिवादी आपण होऊन घराची किल्ली आणून देतो असे नाही. त्याने ती न दिल्यास जिंकलेल्या माणसालाच पुन्हा त्याच इमारतीत जाऊन, पुन्हा मुद्रांक लावून, 'आपण दिलेला हुकूमनामा अमलात आणावा' असा अर्ज करावा लागतो. हीच दरखास्त. तिलाही नोटीस आहे, तिच्यातही हरकती आहेत, आणि तिच्यावरील हुकुमांविरुद्धही वरच्या कोर्टात जाता येते. हिंदुस्थानातील पक्षकाराच्या खऱ्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यानंतर सुरू होतात, अशा आशयाचे उद्गार प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये काढले होते. प्रिव्ही कौन्सिल गेले, इंग्रजांचे राज्य गेले. त्यांचा तो उद्गार मात्र आपण दीडशे वर्षे जतन करून ठेवला आहे.

पुणे शहराला तर ही गोष्ट अधिक बोचावयास हवी. या शहराला न्यायाचा अभिमान आहे आणि त्या अभिमानाला रामशास्त्री प्रभुणे हे नाव आहे. नारायण पेठ ज्या नारायणराव पेशव्यांच्या नावाने वसली, त्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला. त्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे रामशास्त्र्यांनी भर दरबारात बजावले, ही कथा आपण शाळेत ऐकली आणि आपल्या मुलांना सांगितली. परंतु कथेचा उत्तरार्ध आपण सांगत नाही. शास्त्रीबोवांनी पुणे सोडले. राघोबादादा पेशवे झाले, पदच्युत झाले, इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि अखेर १७८३ च्या डिसेंबरात कोपरगावी अंथरुणावर वारले. निकाल निःस्पृह होता. अंमल कोणी केला नाही. न्यायाधीशाच्या धैर्याचे पोवाडे गाताना निकालाच्या अंमलाची चौकशी न करण्याची खोड आपल्याला तेव्हापासूनच जडली की काय, अशी शंका येते.

दिरंगाईचे दुसरे मोठे उदाहरण शोधण्यासही नारायण पेठेबाहेर जावयास नको. ज्या गायकवाड वाड्यात लोकमान्य टिळक पुढे राहू लागले, त्या वाड्यावर ताईमहाराज प्रकरणाची छाया त्यांच्या अखेरीपर्यंत होती. सरदार बाबामहाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी निवर्तले आणि त्यांच्या मृत्युपत्रान्वये टिळक इस्टेटीचे एक विश्वस्त झाले. ताईमहाराजांनी जून १९०१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेस जगन्नाथ यास दत्तक घेतले. आणि लगोलग ते दत्तविधान नाकारून कोल्हापूरकडील दुसरा दत्तक पुढे आणला गेला. यातून जो दावा उभा राहिला, त्यात पुण्याच्या कोर्टाने १९०६ मध्ये टिळकांच्या बाजूने निकाल दिला. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना, १९१० मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने तो फिरविला. आणि २६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलने पुन्हा पहिलाच निकाल कायम केला. १९०१ च्या दत्तविधानावर अखेरचा शब्द उच्चारला जाण्यास चौदा वर्षे लागली! आणि तरीही प्रकरण मिटले नाहीच. आयुष्याच्या अखेरच्या महिन्यात, जुलै १९२० मध्ये, टिळकांना मुंबईस जावे लागले तेही याच प्रकरणाच्या कामासाठी. कायद्याची पदवी घेतलेला, कमालीचा चिकाटीबाज आणि देशभर मित्र असलेला पुरुष ज्या चक्रातून मरेपर्यंत सुटला नाही, त्या चक्रात पेन्शनीवर जगणाऱ्या एखाद्या विधवेची काय गत होत असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

या प्रकरणाला दुसरीही बाजू आहे, आणि ती प्रांजळपणे मांडली पाहिजे. त्यातील एक भाग तातडीने उरकला गेला होता. तो म्हणजे टिळकांवरील फौजदारी खटला. त्यात मॅजिस्ट्रेटने ऑगस्ट १९०३ मध्ये त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी सुनावली. सेशन्स कोर्टाने ती कमी केली. आणि मार्च १९०४ मध्ये सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या न्यायासनाने त्यांना पूर्णपणे निर्दोष ठरविले. झटपट झालेला निकाल चुकीचा होता. तो सुधारण्यास अपील लागले. तसेच साक्षीदाराला त्याच्याविरुद्धचा कागद दाखवून खुलाशाची संधी दिल्यावाचून त्याला खोटे ठरविता येत नाही, हे १९१५ च्या निकालातील तत्त्व आजही आपली न्यायालये आधारास घेतात. सारांश, पुरावा, उलटतपास आणि अपील हे काही वकिलांनी पोटासाठी शोधलेले खेळ नव्हेत. निरपराध माणसाचे ते कवच आहे. आम्हांला घाई नको आहे. कवचाआड लपून जे वेळकाढूपण चालते, ते बंद झालेले हवे आहे.

हे वेळकाढूपण कसे चालते? नारायण पेठेतला कोणताही जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. वर तीन भाऊ, सासरी गेलेली एक बहीण, खाली दोन भाडेकरू, आणि वाटपाचा एक दावा. हे चित्र कोणा एका घराचे नाही; ते पेठेपेठेतील आहे. प्रथम समन्स बजावले जात नाही, कारण प्रतिवादी बेलिफाला घरी सापडत नाही, मग तो शेजारच्या खोलीत चहा घेत बसलेला असला तरी. कैफियत तीस दिवसांत द्यावी, फार तर नव्वद दिवसांत, असे दिवाणी प्रक्रिया संहिता म्हणते. ती त्याहूनही उशिरा येते आणि न्यायाच्या हिताच्या नावाखाली स्वीकारली जाते. मग मनाईचा अर्ज, त्यावरील हुकुमाविरुद्ध अपील, मग दाव्यात दुरुस्तीचा अर्ज. दरम्यान एक भाऊ मृत्यू पावतो. त्याचे वारस दाखल होतात. त्यांतील एक परदेशी असतो. न्यायाधीशांची बदली होते आणि नव्या न्यायाधीशांना कागद पहिल्यापासून वाचावे लागतात. शेवटी वाटपाचा प्राथमिक हुकूमनामा होतो. त्यात फक्त हिस्से ठरतात. मोजणीसाठी कमिशनर, त्याच्या अहवालावर हरकती, मग अंतिम हुकूमनामा, आणि मग दरखास्त! तोवर दोनचार पावसाळ्यांत मागची भिंत खचलेली असते, महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस दरवाज्यावर लागलेली असते, आणि वाटून घ्यावयाची वास्तूच जमिनीला टेकलेली असते.

एकेकाळी गिनीज बुकात जगातील सर्वांत लांबलेल्या खटल्याची नोंद पुण्याच्या नावावर छापली जात असे. १२०५ मध्ये दाखल झालेल्या मानपानाच्या एका दाव्याचा निकाल ७६१ वर्षांनी, २८ एप्रिल १९६६ रोजी, पुण्यात मूळ वादीच्या वंशजाच्या बाजूने लागला, असे ती नोंद म्हणे. देवगिरीच्या यादवांच्या राज्यात तो दावा कोणत्या कचेरीत गुदरला, हा प्रश्न आम्ही इतिहाससंशोधकांवर सोपवितो. आमचे म्हणणे इतकेच, की अशी नोंद साऱ्या जगाला खरी वाटावी, इतका लौकिक आपल्या दिवाणी कोर्टांनी मिळविलेला आहे.

यावर उपाय म्हणून पहिले बोट न्यायाधीशांच्या संख्येकडे दाखविले जाते, आणि ते योग्यच आहे. विधी आयोगाने १९८७ मधील १२० व्या अहवालात सांगितले, की दर दहा लाख लोकसंख्येमागे आपल्याकडे साडेदहा न्यायाधीश आहेत. ते पाच वर्षांत पन्नास करा. त्याच अहवालात अमेरिकेचे प्रमाण १०७ दिलेले होते. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पन्नासाचे प्रमाण टप्प्याटप्प्याने पाच वर्षांत गाठण्याचा आदेश दिला. २०२५ मध्येही मंजूर पदांचे प्रमाण एकवीसच्या आसपास रेंगाळत होते, आणि देशभरातील जिल्हा व तालुका न्यायालयांतील जवळजवळ पाच हजार पदे रिकामी होती. त्याच वर्षी देशातील तुंबलेली प्रकरणे पाच कोटींवर गेली होती, आणि महाराष्ट्राच्या जिल्हा व तालुका न्यायालयांतील अशी प्रकरणे पन्नास लाखांहून अधिक होती. रस्ते, पूल आणि मेट्रो यांसाठी कोट्यवधींची तरतूद करणाऱ्या सरकारांना न्यायाधीशांच्या नेमणुका मात्र परवडत नाहीत, ही गोष्ट कोणत्या अर्थशास्त्रात बसते?

तथापि नुसती डोकी मोजून भागणार नाही. लोकसंख्येचे प्रमाण हे मोजमाप अपुरे आहे. दरवर्षी दाखल किती होतात आणि निकालात किती निघतात, त्यावरून न्यायाधीशांची गरज ठरवा, असे विधी आयोगानेच २०१४ मधील २४५ व्या अहवालात सांगितले. आम्ही त्याच्या एक पाऊल पुढे जाऊ इच्छितो. दावा 'निकालात निघाला' अशी नोंद कोर्टाच्या वहीत होते त्या दिवशी न्यायाधीशाचे काम संपते, पक्षकाराचे संपत नाही. तेव्हा न्यायालय केवढे आहे आणि किती कार्यक्षम आहे, हे दावा दाखल झाल्या दिवसापासून किल्ली हाती पडेपर्यंत किती दिवस गेले, यावरून मोजले पाहिजे. या मापाने मोजल्यास न्यायाधीशाइतकाच बेलीफ महत्त्वाचा ठरतो, लघुलेखक महत्त्वाचा ठरतो, नकला देणारा कारकून महत्त्वाचा ठरतो. नव्या न्यायाधीशाला खुर्ची द्यावयाची आणि समन्स बजावण्यास माणूस द्यावयाचा नाही, हे विहीर खणून पोहरा न देण्यासारखे आहे.

आता एक कटु गोष्ट. सरकारला दोष देणे सोपे आहे, आणि आमचा वाचकवर्ग त्यात वाकबगार आहे. परंतु तारीख मागतो कोण? ती न्यायाधीश मागत नाहीत आणि मंत्रीही मागत नाहीत. ती मागतो ताब्यात बसलेला पक्षकार, आणि तो बहुधा आपल्यापैकीच कोणीतरी असतो. पदवीधर, सभ्य, व्याख्यानमालेला नियमाने जाणारा. दावा आपण हरणार हे त्याला ठाऊक असते. पण हरण्यास वीस वर्षे लागणार, हेही त्याला ठाऊक असते. जागा वापरावी त्याने, आणि भाडे भरावे ती वापरता न येणाऱ्या भावाने! 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण मोठ्या व्यवहारज्ञानाने सांगतो. तिचा खरा अर्थ असा, की ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याने निश्चिंत राहावे, आणि ज्याची वस्तू आहे त्याने घरी बसावे. अन्याय करणाऱ्यास एवढे अभय देणारी दुसरी म्हण मराठीत क्वचितच असेल. एका पक्षकाराला तीनांहून अधिक तहकुब्या देऊ नयेत, असा नियम २००२ पासून संहितेत आहे. पक्षकाराच्या आवाक्याबाहेरचे अपवादात्मक कारण असेल तेवढीच सवलत सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठेवली. आज ती सवलत हाच नियम झाला आहे.

वकीलवर्गालाही आमचे दोन शब्द आहेत. या शहराच्या सार्वजनिक जीवनाचा पाया त्यांच्या पूर्वसूरींनी घातला, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु वकिलांना संपाचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट सांगितल्यानंतरही कामकाजापासून अलिप्त राहण्याचे ठराव ठिकठिकाणी होत राहिले. पुण्याला उच्च न्यायालयाचे खंडपीठ हवे, ही त्यांची मागणी जुनी आणि रास्त आहे. तिला आमचा पाठिंबा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे कोल्हापूरसह त्याच्याकडे गेले. पुण्याच्या पक्षकाराला मात्र मुंबईची गाडी धरणे सुटले नाही. हे शल्य आम्ही समजू शकतो. परंतु सामान्य पक्षकाराचे नशीब शिवाजीनगरच्या दिवाणी कोर्टात ठरते. खालचा दावा वीस वर्षे चालणार असेल, तर वरचे अपील मुंबईत चालले काय आणि पुण्यात चालले काय, त्याच्या नातवाला फरक पडेल, त्याला नाही. खंडपीठासाठी जो जोर लावला जातो, त्याच्या निम्मा जोर दरखास्तींसाठी लागला असता, तर ३ लाख ४१ हजारांचा हा आकडा आपल्या माथी लागला नसता.

मग करावयाचे काय? दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकालात काढावी, अधिक वेळ लागल्यास न्यायाधीशाने लेखी कारण द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच सांगितले आहे. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून प्रत्येक जिल्ह्यात केवळ दरखास्ती चालविणारे स्वतंत्र न्यायाधीश आणि त्यांच्या दिमतीला पुरेसे बेलीफ नेमावेत. प्रत्येक जिल्ह्यातील सर्वांत जुन्या शंभर दरखास्तींची वये आणि त्या अडल्याची कारणे, पक्षकारांची नावे वगळून, दर तिमाहीस उच्च न्यायालयाने प्रसिद्ध करावीत. वृत्तपत्रे ती छापतील. चौथी तारीख मागणाऱ्यावर नाममात्र दंड न बसविता समोरच्या पक्षाचा त्या दिवसाचा खरा खर्च बसवावा, आणि तो भरल्यावाचून पुढचे पाऊल टाकू देऊ नये. जो खोट्या हरकती काढून हुकूमनामा अडवितो, त्याच्याकडून अडविलेल्या प्रत्येक महिन्याचे बाजारभावाने भाडे वसूल करावे. दिरंगाई फायद्याची आहे तोवर ती संपणार नाही. ती महाग करा, आपोआप संपेल.

शिवाय काही काम कोर्टाबाहेरचेही आहे. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने, सार्वजनिक काकांच्या पुढाकाराने, त्याच दशकात याच शहरात लवाद-न्यायसभा चालविली आणि लोकांचे तंटे आपसांत मिटविण्याचा प्रयोग केला. आज लोकअदालत आहे, २०२३ चा मध्यस्थी कायदा आहे. उणीव आहे ती मान तुकविण्यास तयार असलेल्या मनाची. भावाभावांचे वाटप निवृत्त शिक्षकासमोर किंवा मध्यस्थासमोर बसून चार बैठकांत होऊ शकते. त्यासाठी सरकारच्या नेमणुकांची वाट पाहावी लागत नाही.

पुढच्या खेपेस रामशास्त्र्यांची कथा सांगताना आपण ती अर्ध्यावर थांबवू नये. निकाल देणारा निःस्पृह न्यायाधीश या शहराला लाभला होता. तो निकाल अमलात आणणारे राज्य त्याला लाभले नाही, हेही मुलांना सांगावे. आणि हे सांगताना आपल्या स्वतःच्या वाड्यात, आपल्या स्वतःच्या कपाटात, दुसऱ्याच्या हक्काची एखादी किल्ली तर अडकवून ठेवलेली नाही ना, एवढे प्रत्येकाने एकदा पाहून घ्यावे. ३ लाख ४१ हजारांतील काही दरखास्ती त्याच दिवशी निकालात निघतील.